सैतान आणि दुष्टतेचा उगम : ख्रिस्ती शिकवणीचा परिचय

मूळ प्रश्न

ईश्वर एकच आहे, तो सर्वशक्तिमान आहे आणि तो पूर्णपणे चांगला आहे, अशी तीन विधाने ख्रिस्ती धर्म एकाच वेळी करतो. जगात दुःख, हिंसा आणि अन्याय आहे, हे चौथे विधान अनुभवाचे. पहिल्या तिन्हींशी या चौथ्याचा मेळ घालणे हे ख्रिस्ती धर्मविचाराचे सर्वांत जुने आणि सर्वांत अवघड काम आहे. दुष्टता ईश्वराने निर्माण केली असे मानले तर त्याच्या चांगुलपणाला बाध येतो. ती अनादी काळापासून त्याच्याबरोबरच आहे असे मानले तर त्याच्या एकमेवत्वाला. सैतानाविषयीची शिकवण या कोंडीतून वाट काढताना घडत गेली. शिंगे आणि शेपूट असलेली सैतानाची परिचित चित्रे मुख्यतः मध्ययुगीन युरोपच्या कलेतून आली आहेत. शिकवणीशी त्यांचा संबंध फार थोडा.

शिकवणीचा गाभा

सर्व प्रमुख पंथांना मान्य असलेले सूत्र थोडक्यात असे आहे. ईश्वराने जे निर्माण केले ते सर्व चांगले होते. निर्माण केलेल्यांत देवदूतही होते. ते देहरहित, बुद्धिमान आणि इच्छास्वातंत्र्य असलेले होते. त्यांच्यापैकी काहींनी ईश्वराविरुद्ध बंड केले आणि ते पतित झाले. त्यांचा प्रमुख तो सैतान. त्याच्या मोहात पडून आदाम आणि एवा यांनी आज्ञाभंग केला व मानवजातीत पाप आणि मृत्यू आले. या सूत्रातील निर्णायक गोष्ट अशी की सैतान हा निर्माण केलेला जीव आहे. तो ईश्वराचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी नाही, सर्वज्ञ नाही, सर्वव्यापी नाही. त्याचे अस्तित्व ईश्वराकडून आलेले आहे. त्याची दुष्टता मात्र त्याची स्वतःची आहे. ही कथा बायबलमध्ये एका ठिकाणी सलग सांगितलेली नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वेगवेगळ्या शतकांतील, वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेल्या वचनांतून ती जुळवली गेली आहे.

जुन्या करारातील सैतान

हिब्रू भाषेत ‘सातान’ म्हणजे विरोधक किंवा आरोप करणारा. ईयोबाच्या ग्रंथात तो ईश्वराच्या दरबारात हजर होतो, पृथ्वीवर फिरून आल्याचे सांगतो आणि ईयोबाची भक्ती स्वार्थी असल्याचा आक्षेप घेतो. तेथे त्याची भूमिका सरकारी वकिलासारखी आहे. परवानगी मिळाल्याशिवाय त्याला काहीही करता येत नाही. जखऱ्याच्या ग्रंथातही तो प्रमुख याजकावर आरोप ठेवण्यासाठी उभा राहतो. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात एवेला मोह घालणारा सर्प आहे, पण त्या अध्यायात त्याला कोठेही सैतान म्हटलेले नाही.

विचार कसा बदलत गेला याचा उत्तम पुरावा एकाच घटनेच्या दोन वर्णनांत सापडतो. दावीद राजाने प्रजेची गणना केली आणि ती पाप ठरली. दुसऱ्या शमुवेलाच्या चोविसाव्या अध्यायानुसार दावीदाला या कृत्यास ईश्वराच्या कोपाने प्रवृत्त केले. पहिल्या इतिहासाच्या एकविसाव्या अध्यायात त्याच प्रसंगी प्रवृत्त करणारा सैतान आहे. इतिहासाचा ग्रंथ यहुद्यांच्या बाबेलमधील बंदिवासानंतरचा, म्हणजे शमुवेलाच्या ग्रंथानंतरचा आहे. मधल्या काळात मोह घालण्याचे काम ईश्वराकडे सोपवणे भक्तांना जड जाऊ लागले होते, असा निष्कर्ष अभ्यासक यावरून काढतात. मात्र तोपर्यंत जुना विचार पुसला गेला नव्हता. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात प्रकाश आणि अंधार, कल्याण आणि अरिष्ट या सर्वांचा कर्ता एकच ईश्वर असल्याचे ठामपणे सांगितले आहे.

बाबेलचा राजा, सोरचा राजा

‘लुसिफर’ या नावाची कथा यशयाच्या चौदाव्या अध्यायातून आली. तेथील विडंबनगीत बाबेलच्या राजाला उद्देशून आहे. आकाशावर चढून परात्परासारखे होऊ पाहणारा हा राजा पहाटेच्या ताऱ्यासारखा खाली कोसळला, असे त्यात म्हटले आहे. यहेज्केलाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील विलापगीत सोरच्या राजाविषयी आहे. एदेन बागेत रत्नांनी मढलेला, निर्दोष असलेला आणि नंतर गर्वाने भ्रष्ट झालेला असे त्याचे वर्णन येते. दोन्ही गीतांचा प्रत्यक्ष विषय राजसत्तेचा माज हा आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने हे दोन्ही उतारे सैतानाच्या पतनाला लावले. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने लॅटिन भाषांतर करताना पहाटेच्या ताऱ्यासाठी शुक्राचे प्रचलित लॅटिन नाव ‘लुसिफर’ वापरले आणि पुढे तेच सैतानाचे विशेषनाम होऊन बसले. त्याच लॅटिन बायबलमध्ये पेत्राच्या दुसऱ्या पत्रात हाच शब्द ख्रिस्ताच्या आगमनासंदर्भात चांगल्या अर्थाने येतो. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक जॉन कॅल्विननेही यशयाचा हा उतारा सैतानाला लावणे अज्ञानाचे ठरवले. थेट हिब्रूवरून झालेल्या मराठी भाषांतरांत तेथे तारा आहे, लुसिफर नाही.

दोन करारांमधील काळ

जुना आणि नवा करार यांच्यामधल्या शतकांत यहुदी लेखनात या विषयाला मोठी गती मिळाली. हनोखाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायातील एका गूढ उल्लेखाचा विस्तार केला आहे : काही देवदूत मानवी स्त्रियांवर लुब्ध होऊन खाली उतरले, त्यांनी माणसांना शस्त्रे, जादू आणि प्रसाधने शिकवली व त्यांच्या संततीतून दुष्ट आत्मे निर्माण झाले. आदाम-एवेच्या चरित्राविषयीच्या दुसऱ्या एका ग्रंथात वेगळेच कारण दिले आहे. आदाम ही ईश्वराची प्रतिमा असल्यामुळे त्याला वंदन करावे अशी आज्ञा झाली; आपण आधी निर्माण झालो असे सांगून सैतानाने ती नाकारली. शलमोनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्ञानग्रंथात मृत्यू जगात आला तो सैतानाच्या मत्सरामुळे असे म्हटले आहे. हा ज्ञानग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. म्हणून मराठी प्रोटेस्टंट घरांतील पवित्र शास्त्रात हे वचन शोधूनही सापडत नाही.

नव्या करारातील जुळणी

शुभवर्तमानांत सैतान पूर्ण व्यक्तिमत्त्व घेऊन येतो. तो अरण्यात येशूला मोह घालतो, रोग आणि भूतबाधा यांच्यामागे असतो आणि येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाच्या मनात शिरतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू त्याला आरंभापासून मनुष्यघातक व लबाडीचा बाप म्हणतो. लूकच्या दहाव्या अध्यायात सैतान विजेसारखा आकाशातून पडल्याचा उल्लेख आहे. पेत्राचे दुसरे पत्र आणि यहूदाचे पत्र पाप करणाऱ्या देवदूतांना अंधारात डांबून ठेवल्याचे सांगतात; दोन्हींवर हनोखाच्या परंपरेची छाया स्पष्ट आहे. सर्व धागे एकत्र येतात ते प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात. तेथे मिखाएल आणि अजगर यांचे स्वर्गात युद्ध होते आणि तो अजगर म्हणजेच पुरातन सर्प, दियाबल व सैतान, असे स्पष्ट समीकरण मांडले जाते. एदेनचा सर्प आणि सैतान एकच, ही समजूत दृढ झाली ती या वचनामुळे.

याकोबाचे पत्र याच संग्रहात असूनही वेगळ्या बाजूला झुकते. मोहाचे मूळ ते माणसाच्या स्वतःच्या वासनेत दाखवते. सैतानावर सगळे ढकलून माणूस मोकळा होऊ शकत नाही, हा तोल नव्या करारातच राखलेला आहे आणि पुढील काळात लोकांना त्याचा वारंवार विसर पडला.

दुष्टता म्हणजे अभाव

या विखुरलेल्या सामग्रीला तत्त्वज्ञानाची चौकट दिली ती उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने. तरुणपणी सुमारे नऊ वर्षे तो मानीच्या पंथाचा अनुयायी होता. प्रकाश आणि अंधार अशी दोन अनादी तत्त्वे असून जग हे त्यांचे रणांगण आहे, असे तो पंथ मानत असे. हे मत सोडल्यावर ऑगस्टीनने त्याच्या नेमके उलट सूत्र मांडले : दुष्टता हा पदार्थच नाही. जे जे अस्तित्वात आहे ते ईश्वरनिर्मित आणि म्हणून चांगले आहे. त्या चांगल्यात जे असायला हवे त्याची उणीव म्हणजे दुष्टता. आंधळेपणा ही डोळ्यात भरलेली एखादी वस्तू नसते, दृष्टीचा अभाव असतो, हे या विचाराचे नेहमीचे उदाहरण.

यातून दोन परिणाम निघतात. पहिला, दुष्टतेला स्वतंत्र निर्माता लागत नाही, कारण अभाव निर्माण करावा लागत नाही. दुसरा, सैतानसुद्धा तो अस्तित्वात आहे एवढ्यापुरता चांगला आहे. त्याची बुद्धी आणि सामर्थ्य या ईश्वराच्या देणग्याच आहेत, बिघडली ती त्याची इच्छा. पूर्णतः दुष्ट असे काही असूच शकत नाही, कारण चांगले सर्वस्वी नाहीसे झाले तर अस्तित्वही उरणार नाही. पहिल्या दुष्ट इच्छेचे कारण कोणते, या प्रश्नावर ऑगस्टीन ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाराव्या भागात सांगतो की तिला घडवणारे कारण नाही, तेथे केवळ ढळणे आहे. हे उत्तर प्रामाणिक आहे, पण अपुरेही आहे : चांगल्या प्रकृतीचा, मोह घालणारा कोणी नसलेला देवदूत ढळला तरी का, हे त्यातून उलगडत नाही.

गर्व की मत्सर

पतनाच्या हेतूविषयी आरंभीच्या धर्माचार्यांत एकमत नव्हते. दुसऱ्या शतकातील जस्टिनसारख्यांनी हनोखाच्या ग्रंथातील वासनेची कथा स्वीकारली. इरेनियस आणि सिप्रियन यांनी माणसाविषयीच्या मत्सरावर भर दिला. ऑगस्टीनने वासनेची कथा नाकारली आणि मत्सरालाही दुय्यम ठरवले. गर्व म्हणजे स्वतःच्या श्रेष्ठत्वाची आसक्ती. ती असेल तरच दुसऱ्याचे सुख खुपते. म्हणून गर्व आधी, मत्सर नंतर. पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत हाच क्रम रूढ झाला. अकराव्या शतकात अन्सेल्मने सैतानाच्या पतनावर स्वतंत्र संवादग्रंथ लिहिला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने प्रश्न अधिक नेमका केला. ईश्वरच व्हावे अशी इच्छा बुद्धिमान देवदूत करणार नाही, कारण ते अशक्य आहे हे तो जाणतो. ज्या परमसुखासाठी तो निर्माण झाला होता ते ईश्वराच्या कृपेशिवाय, स्वतःच्या बळावर मिळवण्याची त्याने इच्छा केली. बंडाचे हे स्पष्टीकरण युद्धकथेपेक्षा कितीतरी सूक्ष्म आहे.

परिषदांचे निर्णय

धर्मपरिषदांनी या विषयावर फार थोडे आणि मोजके ठरवले. पोर्तुगालमधील ब्रागा येथे ५६१ मध्ये भरलेल्या परिषदेने सैतान स्वयंभू किंवा मुळातच दुष्ट होता हे मत निषिद्ध ठरवले. दक्षिण फ्रान्समधील द्वैतवादी कॅथर पंथाला उत्तर देताना १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने सांगितले की सैतान व इतर दुष्ट आत्मे ईश्वराने स्वभावतः चांगले निर्माण केले, ते दुष्ट झाले स्वतःमुळे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद ३९१ ते ३९५ मध्ये हीच भूमिका कायम आहे. देवदूतांची निवड अंतिम असल्यामुळे त्यांच्या पापाला क्षमा नाही, हेही तेथे आहे. सैतानाची कृती ईश्वर का होऊ देतो हे मोठे गूढ असल्याचे तो ग्रंथ मोकळेपणाने मान्य करतो.

आदिपाप

सैतान बाहेरचा, मग दुष्टता माणसाच्या आत कशी आली? पौलाच्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात एका मनुष्याद्वारे पाप आणि पापाद्वारे मृत्यू जगात आल्याचे म्हटले आहे. ऑगस्टीनने याचा अर्थ असा लावला की आदामाचा दोषच वंशपरंपरेने प्रत्येकाला मिळतो. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरा दोषाऐवजी मर्त्यता आणि दुर्बलता वारशाने येते असे मानते. १५४६ मध्ये ट्रेंट परिषदेने कॅथलिक मत निश्चित केले. प्रोटेस्टंट पंथांनी माणसाच्या भ्रष्टतेवर आणखी जोर दिला. तिन्हींच्या मते या अवस्थेतून सुटका ख्रिस्ताद्वारे होते. सैतानाविषयीची शिकवण तारणाच्या शिकवणीची प्रस्तावना म्हणूनच सांगितली जाते, स्वतंत्रपणे तिला फारसा अर्थ नाही.

मराठी ओव्यांतील पतनकथा

सैतानाच्या पतनाची ही सारी कथा मराठीत फार लवकर आली. विल्टशरमध्ये १५४९ च्या सुमारास जन्मलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले आणि १६१९ मध्ये तेथेच वारले. त्यांचे बहुतेक आयुष्य गोव्यातील सासष्टीत गेले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, पहिले आणि दुसरे असे दोन भाग, आणि अध्यायांना ‘अवस्वरु’ हे नाव. पहिल्या पुराणात जुन्या कराराचा विषय येतो, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ग्रंथाच्या आरंभी नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण आपल्या लोकांसाठी पुराण असावे अशी इच्छा व्यक्त करतो, अशी योजना आहे. त्याप्रमाणे सृष्टी, देवदूतांची निर्मिती, त्यांच्या प्रमुखाचे बंड व पतन आणि मग आदाम-एवा अशा क्रमाने कथा उलगडते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ १६६७ चे. सैतानाच्या बंडाचे जगप्रसिद्ध इंग्रजी महाकाव्य येण्यापूर्वी ५१ वर्षे तीच कथा एका इंग्रजाने मराठी ओवीत छापून आणली होती. दुसरी गोष्ट छंदाची. पैठणच्या एकनाथांनी (निधन १५९९) ज्या ओवीत भागवताचे विवरण केले, आणि नामदेवांच्या काळापासून मराठी भक्तीला जे वळण मिळाले, त्याच श्रवणपरंपरेत स्टीफन्स यांनी आपली कथा बसवली. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ शब्द घेतला. पोथी ऐकणाऱ्या श्रोत्याला बंड आणि पतन यांची कथा परकी वाटू नये अशी ही रचना आहे. ख्रिस्ती शिकवणीच्या सर्व मराठी मांडण्यांत साहित्यगुणाने हीच अजूनही अव्वल ठरते. ग्रंथाच्या सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत. हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी रोमन लिपीतील आवृत्ती काढली आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली.

देवचाराचे काय झाले

ख्रिस्ती कल्पना स्थानिक शब्दांत आणण्याच्या या कामाची एक काळी बाजूही आहे. गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवचार म्हणजे गावाची राखण करणारा, रात्री सीमेवर फिरणारा अदृश्य पुरुष. गोव्यातील ख्रिस्ती कोकणीत मात्र देवचार म्हणजे सैतान. गावाचा राखणदार नरकाचा अधिपती झाला तो केवळ शब्दाच्या निवडीने नव्हे. इतर धर्मांच्या देवता म्हणजे दुष्ट आत्मे, हे मत त्यामागे होते. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातील एका वचनावर आणि स्तोत्रसंहितेच्या ग्रीक भाषांतरावर ते आधारलेले होते. मताला सत्तेची जोड मिळाली की परिणाम भयंकर होतात. १५६७ मध्ये राशोल किल्ल्याच्या कप्तानाच्या मोहिमेत सासष्टीतील मंदिरे पाडली गेली. त्याच राशोलमध्ये पुढे ख्रिस्तपुराण छापले गेले. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायपीठ होते, ते १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. पतित देवदूताची शिकवण मूलतः गर्वाविरुद्धची आहे. ती दुसऱ्याच्या देवघरावर रोखली गेली तेव्हा ती स्वतःच्याच अर्थाविरुद्ध गेली, असे म्हणणे भाग आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अन्य धर्मांविषयी घोषणापत्र काढले. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असा त्याचा आशय आहे.

शेजारच्या परंपरा

महाराष्ट्रात या शिकवणीची तुलना तीन परंपरांशी सहज होते. पारशी धर्मातील अहरिमान हा अहुर मज्दा या प्रकाशाच्या देवतेचा कायमचा वैरी. मुंबईतील स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८४३ च्या आपल्या ग्रंथात पारशी धर्मावर टीका केली, तिचा रोख बऱ्याच अंशी या द्वैतावर होता. पुढे पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक असलेले मार्टिन हाउग यांनी १८६२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केलेल्या निबंधांत वेगळी मांडणी केली : पारशी धर्मग्रंथांतील गाथांनुसार दोन परस्परविरोधी प्रवृत्ती एकाच अहुर मज्दाच्या अधीन आहेत, नंतरच्या काळात त्यांचे दोन देव झाले. अनेक पारशांनी हे मत उचलून धरले. इस्लाममधील इब्लिस आदमला वंदन करायला नकार देतो आणि शापित होतो. आदाम-एवेच्या चरित्रग्रंथातील कथेशी हे साम्य उघड आहे, मात्र बायबलमध्ये ही कथा नाही.

हिंदू दर्शनांना सैतानाची गरजच भासत नाही; दुःखाचे स्पष्टीकरण पूर्वकर्माने होते आणि कर्माची मालिका अनादी आहे. मराठी ब्राह्मण कुटुंबातील आणि काशीत वाढलेले नीलकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. ‘षड्दर्शन दर्पण’ या १८६० च्या हिंदी ग्रंथात त्यांनी या अनादित्वावर तर्कशुद्ध आक्षेप घेतले : मालिकेला आरंभच नसेल तर स्पष्टीकरण सतत मागे ढकलले जाते. आक्षेपात बळ आहे. पण तसाच आक्षेप ख्रिस्ती उत्तरावरही येतो. देवदूत पतित होणार हे सर्वज्ञ ईश्वराला ठाऊक होते, तर त्याला निर्माणच का केले? एक परंपरा प्रश्न अनंतात नेते, दुसरी तो एका स्वतंत्र इच्छेपाशी आणून थांबवते. थांबण्याची जागा वेगळी आहे, अडचण मात्र सारखीच.

भूकंपापुढे शिकवण

स्वातंत्र्याच्या गैरवापराने खून, फसवणूक, युद्ध यांचे स्पष्टीकरण होते. नैसर्गिक आपत्तींचे होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मारली. झोपेत गाडल्या गेलेल्या मुलांनी कोणती इच्छा चुकीची केली होती? हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात हा प्रश्न आजही पुस्तकी नाही. १० जुलै २०२४ च्या सकाळी मराठवाड्याला जाणवलेल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्याचे केंद्र याच तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात होते, आणि त्याच वर्षी मार्चमध्येही तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला होता.

ख्रिस्ती विचारवंतांनी येथे तीन वाटा धरल्या. सी. एस. लुइस आणि १९७४ मध्ये अॅल्विन प्लँटिंगा यांनी निसर्गातील विध्वंसामागेही पतित आत्मे असण्याची शक्यता मांडली. प्लँटिंगा यांच्यापुरते बोलायचे तर त्यांचा दावा केवळ तार्किक शक्यतेचा आहे, वस्तुस्थितीचा नाही. जॉन हिक यांनी १९६६ मध्ये इरेनियसच्या विचाराचे पुनरुज्जीवन केले : माणूस अपरिपक्व अवस्थेत निर्माण झाला असून अडचणींच्या जगातच त्याचा आत्मा घडतो. तिसरी वाट नियमबद्ध सृष्टीची : ज्या भूहालचालींनी डोंगर आणि खनिजे घडतात त्यांनीच भूकंपही होतात. किल्लारीच्या संदर्भात तिसरी वाट सर्वांत जास्त समजावून सांगते. बळी मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा मोठा भार असलेली माळवदे कोसळून गेले; म्हणजे हानीचे प्रमाण निसर्गाइतकेच बांधकाम, दारिद्र्य आणि पूर्वतयारीचा अभाव यांनी ठरवले. तरीही उरलेल्या दुःखाचे पूर्ण उत्तर यांपैकी एकाही वाटेवर मिळत नाही. ईयोबाच्या ग्रंथातही ईयोबाला कारण शेवटपर्यंत कळत नाही. त्याच्या दुःखाला त्याचे पाप जबाबदार आहे असे सांगणारे मित्रच तेथे चुकीचे ठरतात.

उपासनेतील स्थान आणि मर्यादा

व्यवहारात ही शिकवण सर्वांत ठळकपणे दिसते ती बाप्तिस्म्याच्या विधीत. सैतान आणि त्याची कृत्ये यांचा त्याग केल्याचे उत्तर उमेदवार किंवा त्याचे धर्ममातापिता देतात; पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री सारी मंडळी हे वचन पुन्हा उच्चारते. भूतनिवारणाला कॅथलिक कायद्याने कडक मर्यादा घातली आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ११७२ प्रमाणे बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणीही तो विधी करू शकत नाही, आणि परवानगी फक्त धर्मगुरूलाच मिळते. मानसिक आजार हा वैद्यकाचा विषय असून विधीपूर्वी तो नाही याची खात्री करावी, असे धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. काही स्वतंत्र मंडळ्यांमध्ये असे नियंत्रण नसते आणि धोका तेथेच संभवतो. महाराष्ट्रात नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियम सर्व धर्मीयांना सारखाच लागू आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली एखाद्याला दोरखंडाने बांधणे, मारहाण करणे किंवा मिरचीची धुरी देणे हा त्यानुसार गुन्हा असून त्याला सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.